मैत्री : रामलालची आणि तळीरामाची

इटलीतील नेपल्स शहरात १८८० साली एका वृद्ध गृहस्थाने एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. लेखकाचे नाव अंतोनियो रानिएरी. वय चौऱ्याहत्तर. पुस्तकाचा विषय होता, त्याने एका कवीच्या सहवासात घालवलेली सात वर्षे. तो कवी म्हणजे जाकोमो लेओपार्दी. एकोणिसाव्या शतकातील इटलीचा सर्वांत मोठा कवी. १८३७ च्या जून महिन्यात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, लेओपार्दीने नेपल्समध्ये रानिएरीच्याच घरी प्राण सोडला होता. पाठीला कुबड, डोळे अधू, छाती दुबळी अशा या माणसाला रानिएरीने व त्याची बहीण पाओलिना हिने चार वर्षे आपल्या घरात ठेवून घेतले होते, त्याची शुश्रूषा केली होती. कवीच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८४५ साली, त्याच्या साहित्याची आवृत्तीही रानिएरीनेच काढली. एवढे सगळे केल्यावर, आणि मित्राला जाऊन त्रेचाळीस वर्षे लोटल्यावर, त्याला काय सांगावेसे वाटले? मित्र किती हट्टी होता, त्याला गोडाधोडाची व बर्फाच्या मिठाईची किती चटक होती, स्वच्छतेची त्याला कशी पर्वा नव्हती, आणि त्याच्यापायी आपल्या घराला केवढी तोशीस पडली! मैत्रीचे स्मारक म्हणून आरंभलेले पुस्तक हिशेबाच्या चोपडीसारखे झाले. नंतरच्या अभ्यासकांनी कवीला त्याच्या घरून मिळणाऱ्या मासिक नेमणुकीकडे बोट दाखवले आणि तो हिशेबही एकतर्फी असल्याचे म्हटले.

रानिएरी दुष्ट होता, असे मुळीच नाही. नेपल्समधील अनाथ अर्भकांच्या आश्रमात चाललेला अमानुष कारभार त्याने १८३९ सालच्या आपल्या कादंबरीत उघडकीस आणला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. पुढे एकसंध झालेल्या इटलीच्या संसदेतही तो बसला. अशा माणसाच्या हातून असे पुस्तक का लिहिले गेले? शिवाय कवीची हस्तलिखिते, त्यात त्याची हजारो पानांची विचारवही आली, रानिएरीने १८८८ साली मरेपर्यंत आपल्याच ताब्यात ठेवली. ती वही वाचकांच्या हाती पडू लागली ती १८९८ पासून, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी. मित्राचे शरीर ज्याने जपले त्यानेच मित्राचे मन पेटीत कुलूपबंद करून ठेवले. यातून एक प्रश्न उभा राहतो. प्रतिभावंताच्या मित्राने त्याचे ऋण मानायचे, की आपण त्याचे धनको आहो असे समजायचे? आणि निष्ठा म्हणजे नेमके काय? जवळ असणे, जपून ठेवणे, की आणखी काही?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नेपल्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते वऱ्हाडात सापडते.

अमरावती, अकोला, खामगाव या गावांची नावे आज कापसाच्या भावाच्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून ऐकू येतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांची कीर्ती वेगळी होती. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण त्या काळाची आहे. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेल्या या मुलखाला अमेरिकेतील यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील कापसाच्या टंचाईने, जगाच्या बाजाराशी जोडले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचला. खामगावच्या कापूसबाजारासाठी १८७० साली जलंबहून खास फाटा काढण्यात आला. कापसाबरोबर पैसा आला, पैशाबरोबर कज्जे आले, कज्ज्यांबरोबर वकील आले, आणि वकिलांबरोबर वाचनालये, वृत्तपत्रे व नाटके आली. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे हे राजकारणात टिळकांचे सहकारी. १९०५ साली मुंबईस भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षही तेच. कोर्ट, कापूस आणि करमणूक यांची सांगड त्या काळच्या वऱ्हाडात अशी पक्की होती. त्या पैशाचा मूळ धनी जो कुणबी, तो मात्र १८९९-१९०० च्या दुष्काळात याच सोन्याच्या मुलखात अन्नान्न करीत मेला, हेही त्याच ताळेबंदातले कलम आहे आणि ते वगळून वऱ्हाडच्या सांस्कृतिक वैभवाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

अशा वऱ्हाडात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वाढले. जन्म २९ जून १८७१, नागपूरचा. योगायोगाने लेओपार्दीचाही जन्म २९ जूनचाच, १७९८ सालचा. शिक्षण बुलढाणा, अकोला व पुढे पुण्यास. १८९७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन कोल्हटकरांनी अकोल्यास वकिली सुरू केली. पुढे खामगाव व जळगाव-जामोद येथे त्यांचे आयुष्य गेले. लहानपणी झालेल्या अर्धांगाच्या आजाराने त्यांच्या चेहऱ्यावर आणि उच्चारावर कायमचा परिणाम झाला होता. बोलणे हाच ज्याचा धंदा त्या माणसाला बोलण्याची अडचण, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल. पण मराठी विनोदाचे मोठे दालन याच माणसाने उघडले. 'वीरतनय', 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'मतिविकार' ही त्यांची नाटके किर्लोस्कर मंडळीच्या काळातील रंगभूमीवर गाजली. 'सुदाम्याचे पोहे' मधून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने मराठी घरातील सणवार, सोवळेओवळे आणि लग्नकार्ये यांची जी थट्टा केली, तिने सुधारकांच्या अनेक गंभीर व्याख्यानांपेक्षा अधिक काम केले. पुण्या-मुंबईच्या साहित्यकेंद्रांपासून दूर, वऱ्हाडातील एका आडगावी बसून हा मनुष्य मराठी साहित्याचा एक मठ चालवीत होता. त्या मठाचा सर्वांत तेजस्वी शिष्य म्हणजे राम गणेश गडकरी.

गडकरी कोल्हटकरांहून चौदा वर्षांनी लहान. जन्म २६ मे १८८५, बडोदे संस्थानातील नवसारीचा. वडील लवकर वारले. गरिबीत पुण्यास शिक्षण. फर्ग्युसन महाविद्यालयातील अभ्यास अर्धवट सुटला आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवण्याचे काम पत्करावे लागले. ज्या मंडळीने कोल्हटकरांची नाटके रंगभूमीवर आणली तिच्याच बिऱ्हाडात या तरुणाचे नाट्यशिक्षण झाले. कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानले आणि ते कधी लपवले नाही. त्या काळच्या साहित्यिकांत गुरू मानण्याची रीत होती. परंतु बहुतेकांची गुरुभक्ती अर्पणपत्रिकेच्या पानावर सुरू होऊन तेथेच संपे. गडकऱ्यांची भक्ती वेगळ्या जातीची होती. गुरूने जो जो विषय हाताळला तो तो त्यांनी पुन्हा हाती घेतला आणि आपल्या पद्धतीने मांडला.

हे चार ठिकाणी स्पष्ट दिसते. कोल्हटकरांनी 'मतिविकार' मध्ये विधवाविवाहाचा प्रश्न रंगभूमीवर आणला. गडकऱ्यांनी आपल्या पहिल्या नाटकात, 'प्रेमसंन्यास' मध्ये, तोच प्रश्न घेतला. कोल्हटकरांनी सुदामा निर्माण केला. गडकऱ्यांनी 'बाळकराम' हे नाव घेऊन विनोदी लेख लिहिले. कोल्हटकरांनी महाराष्ट्रगीत रचले. गडकऱ्यांनी गोविंदाग्रज या नावाने दुसरे महाराष्ट्रगीत रचले. कोल्हटकरांनी 'मूकनायक' मध्ये मद्यपानाचा निषेध केला. गडकऱ्यांनी 'एकच प्याला' लिहिले. एखाद्या कारकुनी वृत्तीच्या टीकाकाराला यात केवळ अनुकरण दिसेल. पण हे अनुकरण नव्हे. घेतलेल्या भांडवलाची ती गुंतवणूक आहे, आणि तिच्यावरील व्याज शिष्याने मराठी भाषेच्या खात्यात जमा केले आहे.

महाराष्ट्रगीतांचेच पाहा. कोल्हटकर नागपुरास जन्मले आणि वऱ्हाडात राहिले. हा वऱ्हाड १९०२ साली निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ साली मध्यप्रांताला जोडला गेला. गडकरी गायकवाडांच्या मुलखात जन्मले आणि मध्यप्रांतातील सावनेर येथे वारले. 'महाराष्ट्र' नावाचे राज्य तेव्हा नकाशावर नव्हते. ते १ मे १९६० रोजी झाले. मराठी मुलूख मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड, निजामशाही आणि लहानमोठी संस्थाने यांत विखुरलेला असताना त्याचे एकत्र गुणगान करण्याची प्रेरणा या दोघा 'सीमेवरच्या' माणसांना व्हावी, हा निव्वळ योगायोग नाही. मध्यभागी बसलेल्याला आपली भाषा कोठवर पसरली आहे याचा विसर पडतो; कडेला राहणाऱ्याला तो पडत नाही. गुरूने एक गीत दिले, शिष्याने त्याला दुसऱ्या गीताची जोड दिली. आणि दोन्ही आज मराठी माणसांच्या ओठांवर आहेत. कोणते श्रेष्ठ यावर दोघांत भांडण झाल्याचे कोणी सांगत नाही.

तरीही हे ऋण निर्वेध नव्हते, हे मान्य करावयास हवे. कोटी, उपमा आणि कल्पनेची अतिरिक्त भरारी हा कोल्हटकरांच्या लेखनाचा गुण होता आणि तोच त्यांचा दोषही होता. नाटकातील माणसे बोलू लागली की ती माणसे राहत नाहीत, लेखकाच्या कल्पकतेची प्रदर्शने होतात, हा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. आणि गडकऱ्यांच्या आरंभीच्या नाटकांवरही तो तितक्याच न्यायाने लागू पडतो. शिष्याने गुरूच्या गुणांबरोबर गुरूचे दोषही वारशाने घेतले. भक्ती जेथे निवड करीत नाही तेथे असेच होते. प्रश्न असा की, या वारशातून गडकरी बाहेर पडले काय? 'मूकनायक' आणि 'एकच प्याला' शेजारी ठेवून वाचल्यास उत्तर मिळते.

'मूकनायक' मधील जग राजघराण्याचे आहे. कल्पित राज्य, वेषांतर, मुके होण्याचे सोंग, राजाच्या व्यसनाने निर्माण झालेला पेच आणि शेवटी सर्व काही सुरळीत. दारू येथे वाईट आहे, परंतु ती राजवाड्यातील वाईट गोष्ट आहे. 'एकच प्याला' चा नायक सुधाकर हा वकील आहे. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळापुरती काढून घेतली जाते, आणि अपमानाची आग विझवण्यासाठी तो पहिला प्याला घेतो. त्यानंतर या नाटकात जे घडते त्याला अर्थशास्त्राच्या भाषेत एका मध्यमवर्गीय कुटुंबाचे दिवाळे म्हणता येईल. मिळकत बंद होते, दागिने जातात, आणि सिंधूला मुलाच्या पोटासाठी दुसऱ्यांचे दळण दळावे लागते. कोल्हटकरांच्या नाटकात व्यसनाची किंमत नीतीच्या मापाने मोजली आहे. गडकऱ्यांनी ती पिठाच्या मापाने मोजली. विषय गुरूचा, परंतु राजवाड्यातून तो जात्यापर्यंत आणण्याचे श्रेय शिष्याचे. एकदा ते जाते रंगभूमीवर फिरू लागल्यावर गोड शेवट करणे अशक्य होते, आणि गडकऱ्यांनी तो केला नाही. निष्ठेचा पहिला अर्थ येथे हाती लागतो. गुरूने जेथे थांबावे तेथून शिष्याने पुढे चालावे, आणि तसे करताना गुरूची वाट चुकीची होती असे दाखवण्याची वेळ आली तर तेही आपल्या कृतीने दाखवावे. शिवीगाळ करू नये, पण संकोचही करू नये.

या नाटकात मैत्रीविषयी आणखी एक गोष्ट आहे. तिच्याकडे मद्यपानाच्या चर्चेत नेहमी दुर्लक्ष होते. सुधाकराला दोन मित्र आहेत. एक रामलाल आणि दुसरा तळीराम. रामलाल टोकतो, समजावतो, कडू बोलतो. तळीराम कधीच विरोध करीत नाही. सुधाकराच्या अपमानाला तो मान डोलावतो, त्याच्या रागाला दाद देतो, आणि दादेबरोबर प्याला पुढे करतो. 'आर्यमदिरामंडळ' हे तळीरामाच्या मैत्रीचे संघटित रूप आहे. नियम, सभासद, भाषणे आणि शास्त्राधार सर्व काही त्याच्याजवळ आहे. प्रेक्षक तेथे पोट धरून हसतात आणि हसता हसता त्यांना कळून चुकते की, माणसाच्या नाशासाठी शत्रूची गरज नसते, होयबांचे एक मंडळ पुरते. शेवटी सुधाकर संशय घेतो तो रामलालवर. खरे बोलणारा मित्र परका ठरतो आणि खोटे बोलणारा जिवलग. आणि गडकऱ्यांचा प्रामाणिकपणा असा की, त्यांनी रामलालला देव केले नाही. ज्या बालविधवा शरदचे पालकत्व त्याने पत्करले तिच्याचविषयी त्याच्या मनात येणारा मोह त्यांनी त्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावयास लावला. सत्य बोलणारा मित्र निर्दोषच असला पाहिजे अशी अट घातली तर सत्य बोलणारे कोणी उरणार नाही.

आता रानिएरीकडे पुन्हा वळावे. तो तळीराम नव्हता. रामलालही होऊ शकला नाही. त्याने सेवा केली, पण कवीच्या हयातीत जे तोंडावर बोलावयाचे ते मृत्यूनंतर चार दशकांनी, कवीला उत्तर देणे अशक्य झाल्यावर, छापून काढले. कडू सत्य वेळेवर सांगितले तर ते मैत्रीचे कर्तव्य असते. माणूस गेल्यावर सांगितले तर ती थकबाकीची वसुली होते. शिवाय या जमाखर्चात आणखी एक मोठे कलम आहे. आजाऱ्याची उशापायथ्याची सेवा प्रत्यक्ष केली ती पाओलिनाने. साहित्याचा इतिहास दोन पुरुषांच्या मैत्रीचा वाद घालतो आणि त्या मैत्रीचा भार जिने उचलला त्या बाईला एका ओळीत आटोपतो. सिंधूचे दळण रंगभूमीवर आणणाऱ्या गडकऱ्यांना हा हिशेब निदान ठाऊक होता.

गडकऱ्यांचा अंत लेओपार्दीच्या अंताहून फारसा निराळा नाही. क्षयाने जर्जर होऊन ते सावनेरला भावाच्या घरी आले. 'भावबंधन' नाटकाचा शेवट त्यांनी अखेरच्या दिवसांत तेथेच पुरा केला आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, चौतिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, ते वारले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' बडोद्यास रंगभूमीवर आणले. त्यातील पदे गडकऱ्यांची नाहीत. ती त्यांचे मित्र, कथाकार वि. सी. गुर्जर यांनी रचली. त्या पदांनी नाटक घरोघरी पोचले. परंतु गुर्जरांनी त्यावर मालकी सांगितली नाही, चाळीस वर्षांनी हिशेबाचे पुस्तक काढले नाही. 'गडकऱ्यांचे नाटक' हेच नाव राहू दिले. 'वाग्वैजयंती' हा कवितासंग्रह १९२१ साली निघाला, 'संपूर्ण बाळकराम' १९२५ साली. ज्या साहित्यावर नाटक कंपन्यांनी आणि प्रकाशकांनी पुढे वर्षानुवर्षे व्यवहार केला त्याचा मोठा भाग लेखकाच्या मृत्यूनंतर बाजारात आला. गुरू कोल्हटकर त्यानंतर पंधरा वर्षे जगले. १९२७ साली पुण्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १ जून १९३४ रोजी निवर्तले. शिष्याने गुरूचे श्राद्ध करावे अशी आपली रीत. येथे गुरूला शिष्याची कीर्ती त्याच्या पश्चात पाहावी लागली.

येथे एक साधा आर्थिक प्रश्न विचारला पाहिजे. समाजाला कवी हवा असतो, त्याचे नाटक हवे असते, त्याची गीते सभेच्या आरंभी गावयास हवी असतात. मग त्याच्या औषधपाण्याचा भार एकट्या भावाच्या, मित्राच्या किंवा मित्राच्या बहिणीच्या माथी का असावा? १८३० साली लेओपार्दीला फ्लॉरेन्सच्या मित्रांनी वर्गणी काढून वर्षभराची सोय करून दिली. देणाऱ्यांची नावेसुद्धा त्याला कळू दिली नाहीत. ही वर्गणी थोर मनाची होती, पण ती एका वर्षाची होती. पुढे तो पुन्हा परावलंबी झाला. पेट्रार्क कवीने १३७० साली केलेल्या मृत्युपत्रात आपला मित्र बोकाचिओ याला पन्नास सोन्याची नाणी ठेवली, कारण काय तर रात्रीच्या वाचनाच्या वेळी थंडी वाजू नये म्हणून त्याने एक उबदार झगा घ्यावा! मैत्रीचे याहून हृद्य उदाहरण सापडणे कठीण. परंतु युरोपातील एक श्रेष्ठ कथाकार म्हातारपणी थंडीत कुडकुडतो आणि त्याला मित्राच्या मृत्युपत्राची वाट पाहावी लागते, ही गोष्ट हृद्य आहे तशीच लाजिरवाणीही आहे. मैत्रीवर सामाजिक विम्याचे ओझे टाकले की मैत्री तरी मोडते किंवा तिची चोपडी तरी होते. रानिएरीचे पुस्तक हा एका माणसाच्या स्वभावाचा दोष मानून चालणार नाही. जे काम समाजाचे होते ते दोन भावंडांवर पडले, त्यातून साचलेल्या कडवटपणाचेही ते पुस्तक आहे.

यावर कोणी म्हणेल की, कोल्हटकर-गडकरी यांचे साहित्यविश्व हे मूठभर पांढरपेशांचे विश्व होते. बहुजनांच्या वऱ्हाडाशी त्याचा संबंध काय? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. त्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावोगाव हिंडत होते, आणि यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजने म्हणत होते. 'सुदाम्याचे पोहे' वाचणारा वाचक आणि गाडगेबाबांचे कीर्तन ऐकणारा श्रोता हे एकाच मुलखात राहून एकमेकांस अपरिचित राहिले. तरीही दोन्हीकडे कर्मकांडाची थट्टा आहे. एकीकडे ती छापील पानावर, दुसरीकडे वाळवंटात आणि धर्मशाळेच्या ओट्यावर. या दोन प्रवाहांची गाठ घालण्याचे काम जे राहून गेले ते गडकऱ्यांचे पुस्तक माळ्यावर टाकून होणार नाही. 'एकच प्याला' मधील दळणारी सिंधू आज वऱ्हाडात कोणत्याही खेड्यात भेटते. फरक इतकाच की, तिचा नवरा वकील नसून कोरडवाहू शेतकरी किंवा मजूर असतो. दारूबंदीसाठी रस्त्यावर येणाऱ्या बायकांना हे नाटक वाचून दाखवले तर त्यांना पात्रांची ओळख करून देण्याची गरज पडणार नाही.

गडकऱ्यांशी आजचा महाराष्ट्र कोणत्या प्रकारची मैत्री करतो? २०१७ सालच्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील त्यांचा अर्धपुतळा काही कार्यकर्त्यांनी रात्री उखडला आणि मुठा नदीत फेकला. राग 'राजसंन्यास' मधील संभाजीराजांच्या चित्रणाचा होता. ते चित्रण इतिहासाला धरून आहे काय, त्यामागे कोणत्या बखरींचा पूर्वग्रह आहे, हे प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु लेखकाने अपूर्ण ठेवलेल्या, त्याच्या पश्चात छापलेल्या नाटकाला हातोड्याने उत्तर देता येत नाही. उत्तर द्यावयाचे तर ते लिहूनच द्यावे लागते. दुसऱ्या बाजूस जयंतीच्या दिवशी त्याच पुतळ्याला हार घालणाऱ्यांपैकी किती जणांनी 'राजसंन्यास' वाचले होते? न वाचता फोडणारा आणि न वाचता पुजणारा हे दोघेही एकाच मंडळाचे सभासद आहेत. दोघांनाही लेखक नको आहे, दगड हवा आहे.

या सर्वांचा कार्यकर्त्यांशी संबंध आहे तो येथे. चळवळीत माणसे एकमेकांशी विचाराने बांधली जातात, आणि कालांतराने विचाराची जागा व्यक्ती घेते. नेत्याभोवती मंडळ जमते. त्या मंडळात तळीराम लवकर शिरतो, कारण त्याला काही मागावयाचे असते आणि विरोध करून कोणाला काही मिळत नाही. रामलाल हळूहळू दाराबाहेर जातो. पुढे त्याच्यावरच संशय घेतला जातो. अनेक चांगल्या चळवळी विरोधकांनी मारल्या नाहीत, आपल्याच आर्यमदिरामंडळाने मारल्या. स्तुतीचा पहिला प्याला तेथे 'एकच' म्हणून दिला जातो. त्या वेळी जो मित्र हात धरतो तोच निष्ठावंत. आणि हात धरल्याबद्दल जो पुढे बिल पाठवीत नाही तो त्याहून निष्ठावंत.

करण्यासारख्या गोष्टीही आहेत. अमरावतीस १९८३ पासून विद्यापीठ आहे. अकोला, अमरावती, खामगाव येथे जुनी वाचनालये आहेत. जुन्या वकिलांच्या, शिक्षकांच्या आणि नाटकवेड्यांच्या घरांतून कोल्हटकरांच्या काळातील पत्रे, हस्तलिखिते, हस्तपत्रके, मासिकांचे अंक आजही ट्रंकांतून पडून असण्याचा संभव आहे, आणि दर पावसाळ्यात त्यांतील काही वाळवीच्या व रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत असणार. एखाद्या तालुक्यातील चार कार्यकर्त्यांनी सुट्टीच्या दिवशी अशी दहा घरे हिंडून जे सापडेल ते मालकाच्या संमतीने सार्वजनिक वाचनालयात पोचवावे. त्याला फार पैसा लागत नाही. रानिएरीने पेटीला कुलूप घातले म्हणून एका देशाला आपल्या कवीचे मन एकसष्ट वर्षे उशिरा कळले. वऱ्हाडातील पेट्यांना कुलूपसुद्धा नाही. त्याचबरोबर आजच्या लिहित्या माणसांच्या आजारपणाचा आणि म्हातारपणाचा प्रश्न हा दयेचा नसून हक्काचा आहे, हे सरकारला आणि साहित्यसंस्थांना पुन्हापुन्हा सांगावे लागेल. मित्रांनी मैत्री करावी. पोट आणि औषध हा समाजाचा भार आहे.

कोल्हटकरांचे ऋण गडकऱ्यांनी नवे नाटक लिहून फेडले. गडकऱ्यांचे ऋण गुर्जरांनी पदे लिहून आणि गप्प राहून फेडले. पुढचा हप्ता आता वाचणाऱ्यांकडे बाकी आहे.